लंडनची बस, एडिंबरोची नोट आणि पुण्याचे कार्ड

– खास प्रतिनिधी

स्कॉटलंडमधील बँकेने छापलेली वीस पौंडांची नोट घेऊन एखादा प्रवासी लंडनच्या बसमध्ये चढला, तर चालक ती नोट नाकारील. त्याऐवजी बँक ऑफ इंग्लंडची नोट पुढे केली, तरी तो तीही नाकारील. कारण ६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख रक्कम स्वीकारलीच जात नाही. मग त्याच प्रवाशाने पुण्यातील बँकेचे कार्ड दाराजवळच्या यंत्रावर टेकवले, तर ते चालेलही, कदाचित चालणारही नाही. न चालल्यास त्याचे कारण सांगण्यास चालकापाशी वेळ नसतो आणि माहितीही नसते. मागे रांग उभी असते. प्रवासी खाली उतरतो. त्याच्या खिशात खरे पैसे असतात, खात्यात शिल्लक असते, तरीही त्याला एक साधा बसप्रवास करता येत नाही.

हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. तथापि, पैसे घ्यायचे की नाकारायचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामागे आहे आणि ब्रिटनमध्ये तो संसदेपर्यंत पोहोचला आहे. ब्रिटिश कनिष्ठ सभागृहाच्या अर्थविषयक समितीने एप्रिल २०२५ मध्ये रोख रकमेच्या स्वीकृतीबाबत अहवाल सादर केला. रोख रक्कम घेण्याची सक्ती तातडीने करावी, असे समितीने म्हटले नाही. परंतु दुर्बल घटकांसाठी भविष्यात तशी वेळ येऊ शकते, असा इशारा मात्र दिला. तशी सक्ती करण्याचा विचार नसल्याचे सरकारने त्यापूर्वीच स्पष्ट केले होते. २०२३ च्या वित्तीय सेवा कायद्याने नागरिकांना रोख रक्कम काढता व भरता यावी, याची जबाबदारी मोठ्या बँकांवर टाकली. काढलेली रक्कम कोणी घ्यावी, याविषयी त्या कायद्यात काहीही नाही.

विधिग्राह्य, पण कोणासाठी?

नोट विधिग्राह्य असेल तर ती नाकारता येत नाही, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ब्रिटनमध्येही सामान्य माणसाची समजूत तीच असते आणि ती चुकीची आहे. तेथे या संज्ञेचा अर्थ फार मर्यादित आहे. आधीच निर्माण झालेले ऋण फेडण्यासाठी ऋणकोने विधिग्राह्य चलनात नेमकी रक्कम देऊ केली, तर ते ऋण फेडले नाही म्हणून त्याच्यावर यशस्वीपणे दावा चालविता येत नाही, एवढाच तो अर्थ. दुकानदाराने अथवा बस कंपनीने कोणत्या स्वरूपात पैसे घ्यावेत, हे त्यात येत नाही. प्रवासी बसमध्ये चढत असतो तेव्हा ऋण अद्याप निर्माणच झालेले नसते. कोणत्या अटींवर त्याला आत घ्यायचे, हे वाहतूकदार ठरवितो.

यापुढची माहिती भारतीय वाचकाला अधिक चकित करणारी आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा केवळ इंग्लंड व वेल्समध्येच विधिग्राह्य आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये कोणतीच कागदी वा प्लास्टिकची नोट विधिग्राह्य नाही. तेथे हा दर्जा फक्त शाही टांकसाळीच्या नाण्यांना आहे. स्कॉटलंडमध्ये बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड व क्लाइड्सडेल बँक, तर उत्तर आयर्लंडमध्ये बँक ऑफ आयर्लंड, डान्स्के बँक व अल्स्टर बँक स्वतःच्या नोटा काढतात. या नोटा पौंडाच्याच असतात, त्यांचे मूल्यही तेच असते, परंतु विधिग्राह्य त्या कोठेच नाहीत, ज्या गावात छापल्या जातात तेथेही नाहीत! तरीही एडिंबरोतील भाजीवाला अथवा ग्लासगोतील रिक्षासदृश टॅक्सीचा चालक त्या नोटेकडे वळूनही पाहत नाही. तेथे तीच नेहमीची नोट आहे.

या व्यवस्थेला इतिहास आहे. लंडनमधील सरकारने १८२६ मध्ये लहान रकमांच्या नोटा बंद करण्याचे ठरविले, तेव्हा स्कॉटलंडमध्ये मोठा गदारोळ उठला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी टोपणनावाने पत्रे लिहून त्या निर्णयावर हल्ला चढविला आणि सरकारला स्कॉटलंडपुरती माघार घ्यावी लागली. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर स्कॉट यांचे चित्र छापले जाते, त्यामागे हे कारण आहे. पुढे १८४४-४५ च्या कायद्यांनी नोटा काढण्याचा हक्क आवळला, मात्र स्कॉटलंड व आयर्लंडमधील जुन्या बँकांकडे तो राहू दिला.

या नोटा कमी विश्वासार्ह आहेत, असे मात्र मुळीच नाही. २००९ च्या बँकिंग कायद्यानुसार या बँकांना आपल्या चलनातील नोटांइतके तारण सदैव राखावे लागते. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडपाशी दहा लाख आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा असतात. त्या कधीही बाजारात येत नाहीत. त्यांना अनुक्रमे ‘जायंट’ आणि ‘टायटन’ अशी नावे आहेत. म्हणजे स्कॉटिश नोटेच्या पाठीशी अखेरीस बँक ऑफ इंग्लंडचीच नोट उभी असते. लंडनमधील दुकानदार ती नाकारतो तेव्हा तो तारणाचा हिशेब करीत नसतो. त्याने तशी नोट क्वचित पाहिलेली असते, खोटी असल्यास नुकसान त्याचे असते आणि ओळख पटवून घेण्यास त्याच्यापाशी वेळ नसतो. या नोटा ब्रिटनभर स्वीकारल्या जाव्यात म्हणून संसदेत खासगी विधेयकेही मांडली गेली. त्यांचा कायदा झाला नाही.

डान्स्के बँकेच्या पूर्वीच्या नॉर्दर्न बँकेचे उदाहरण येथे बोलके आहे. डिसेंबर २००४ मध्ये बेलफास्टमधील या बँकेच्या मुख्यालयातून सुमारे २ कोटी ६५ लाख पौंड लुटले गेले. त्यांत बँकेच्या स्वतःच्याच नोटा मोठ्या प्रमाणावर होत्या. तेव्हा बँकेने आपल्या नोटा मागे घेऊन २००५ मध्ये नव्या रंगसंगतीच्या नोटा काढल्या. एका बँकेपुरती ही नोटाबदली झाली. साहजिकच, त्या काळात बेलफास्टबाहेर ही नोट घेऊन फिरणाऱ्या माणसाला काय सोसावे लागले असेल, याची कल्पना आपल्याकडील वाचकाला करून द्यायला नको.

रोख रकमेचा खर्च

लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने २०१४ मध्ये बसमधील रोख भाडे बंद केले, तेव्हा दिलेली आकडेवारी निर्णयाच्या बाजूने होती. २००० साली सुमारे २५ टक्के बसप्रवासी रोख पैसे देत. २०१४ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले होते. एवढ्यासाठी नाणी गोळा करणे, मोजणे, सुरक्षित नेणे यांवर वर्षाकाठी दोन कोटी चाळीस लाख पौंड खर्च होत असल्याचे सांगण्यात आले. बस थांब्यावर कमी वेळ थांबेल, हा दुसरा लाभ. सुट्ट्या पैशांवरून वाहकाशी होणारी हुज्जत ज्यांनी दररोज ऐकली आहे, त्यांना हा युक्तिवाद पटेल.

एक टक्क्याहून कमी प्रवासी म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र आकडेवारीत झाकला जातो. रात्री उशिरा कामावरून परतणारा, ज्याच्या कार्डातील शिल्लक संपली आहे असा माणूस, खाते नसलेला स्थलांतरित, पाकीट हरवलेली वृद्धा आणि कालच विमानातून उतरलेला परदेशी. प्राधिकरणाने यांची दखल घेतली नाही, असे म्हणता येणार नाही. ऑयस्टर या प्रवासी कार्डात भाड्यापेक्षा कमी शिल्लक असली तरी आणखी एक प्रवास करू देण्याची सोय त्याच वेळी करण्यात आली आणि अडचणीत सापडलेल्या प्रवाशाला रस्त्यावर सोडू नये, अशा सूचना चालकांना दिल्या गेल्या. पण सूचना म्हणजे हक्क नव्हे. त्याची अंमलबजावणी त्या रात्रीच्या चालकाच्या मनावर अवलंबून असते.

शिवाय भुयारी रेल्वेच्या जवळपास सर्व स्थानकांवरील तिकीट खिडक्या २०१५ अखेरपर्यंत बंद झाल्या. ऑयस्टर कार्डात रोख भरणा करता येतो, परंतु तो यंत्रात किंवा ठरावीक दुकानांत. यंत्र ज्या नोटांसाठी घडविलेले असते, त्याच ओळखते; ‘ही बेलफास्टची असली तरी खरी आहे’ हे त्याला समजावून सांगता येत नाही. शिवाय ते कार्ड मुळात विकत घ्यावे लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची किंमत पाच पौंडांवरून सात पौंड झाली व त्यानंतर ती आणखी वाढली. ही रक्कम परत मिळत नाही. एका बसप्रवासाचे भाडे मार्च २०२३ मध्ये १.७५ पौंड ठरले होते, हे ध्यानात घेतल्यास दोन दिवसांच्या पाहुण्याला हा खर्च का टोचतो, ते कळेल.

लंडनबाहेर चित्र वेगळे आहे. इंग्लंडमधील बहुतेक बस कंपन्या अद्याप रोख पैसे घेतात. एडिंबरोत लोथियन बसेस ही सार्वजनिक मालकीची कंपनी रोख घेते, मात्र नेमके भाडे पेटीत टाकावे लागते आणि सुट्टे परत मिळत नाहीत. स्कॉटलंडच्या नोटा स्कॉटलंडच्याच बसमध्ये निरुपयोगी ठरतात त्या अशा: पाच पौंडांची नोट टाकली तर उरलेले पैसे कंपनीचे.

परदेशी कार्डाची परीक्षा

नोटांचा हा प्रांतभेद कॉन्टॅक्टलेस कार्डाने एका झटक्यात मिटविला, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्ये लंडनच्या बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४ मध्ये भुयारी रेल्वेत साधे बँकेचे कार्ड टेकवून प्रवास सुरू झाला. कार्ड ग्लासगोच्या बँकेचे की बेलफास्टच्या, याच्याशी यंत्राला काही कर्तव्य नाही. मात्र सीमा नाहीशी झाली नाही. ती स्कॉटलंडच्या वेशीवरून उचलून कार्ड देणाऱ्या देशाच्या वेशीवर नेऊन ठेवली गेली.

हे कसे, ते समजून घेण्यासाठी त्या यंत्रात काय घडते, हे पाहणे आवश्यक आहे. दुकानात कार्ड टेकविल्यावर यंत्र बँकेला विचारते आणि होकार आल्यावरच पावती निघते. त्यास काही सेकंद लागतात. गर्दीच्या वेळी रेल्वेच्या फाटकावर एवढा वेळ मिळत नाही. तेथे सुमारे अर्ध्या सेकंदात निर्णय व्हावा लागतो. म्हणून फाटकावरील यंत्र बँकेला न विचारताच कार्डाच्या चिपमधील सांकेतिक स्वाक्षरी तपासते, ते कार्ड नाकारलेल्या कार्डांच्या यादीत नाही ना हे पाहते आणि दार उघडते. भाड्याचा हिशेब मागाहून होतो. पहाटे साडेचारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतच्या सर्व प्रवासांची बेरीज करून, दैनंदिन कमाल मर्यादा लावून, बँकेकडून एकदाच रक्कम घेतली जाते.

येथेच परदेशी कार्डाची अडचण सुरू होते. बँकेला न विचारता स्वतःची ओळख पटविण्याची क्षमता चिपमध्ये असावी लागते. प्रत्येक विनंती बँकेकडेच जावी, अशा बेताने दिलेली काही देशांतील काही कार्डे या परीक्षेत नापास होतात. तेच कार्ड शेजारच्या दुकानात निमूटपणे चालते! प्रवाशाला वाटते यंत्र बिघडले. वस्तुतः यंत्र नेमून दिलेले काम करीत असते. दुसरीकडे, मागाहून मागितलेली रक्कम बँकेने दिली नाही, तर कार्ड नाकारलेल्यांच्या यादीत जाते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, काल दिवसभर चाललेले कार्ड अकस्मात बंद पडते.

भारतातून जाणाऱ्यांच्या बाबतीत यात रिझर्व्ह बँकेच्या नियमाची भर पडते. १ ऑक्टोबर २०२० पासून नव्याने दिलेले कार्ड मुळात केवळ देशांतर्गत एटीएम व विक्री यंत्रांपुरते चालू असते. परदेशातील वापर आणि कॉन्टॅक्टलेस वापर या दोन्ही सुविधा ग्राहकाने स्वतः सुरू करायच्या असतात. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम योग्यच आहे. परंतु दोहोंपैकी एकच सुविधा सुरू करून निघालेला प्रवासी विमानतळावरून सुटतो आणि पहिल्याच फाटकावर अडतो. ही खातरजमा निघण्यापूर्वी घरी, मोबाइल चालू असताना करावी. लंडनमध्ये उतरल्यावर भारतातील क्रमांकावर येणारा संकेतांक मिळविणे ही आणखी वेगळी कसरत असते.

खर्चाचाही विचार हवा. भारतीय बँकांच्या अनेक कार्डांवर परकीय चलनातील व्यवहारासाठी साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार लागतो आणि त्या अधिभारावर वस्तू व सेवा कर. दिवसाची एकच बेरीज होत असल्याने प्रत्येक फेरीला वेगळे शुल्क लागत नाही, एवढा दिलासा. पौंड भरून नेलेले प्रीपेड कार्ड यातून बरेचसे सुटते. रुपे कार्डाची गोष्ट निराळी. परदेशात त्याची स्वीकृती डिस्कव्हर, जेसीबी अशा भागीदार जाळ्यांच्या आधारे होते. तेव्हा केवळ त्याच्या भरवशावर निघणे शहाणपणाचे नाही.

आणखी एक बाब कुटुंबकबिल्यासह जाणाऱ्यांसाठी. एका कार्डावर एका वेळी एकच माणूस प्रवास करू शकतो. आपल्याकडे कुटुंबप्रमुख सर्वांची तिकिटे काढतो. तेथे पतीने टेकविलेले कार्ड पत्नीला वापरता येत नाही. जाताना कार्ड आणि उतरताना त्याच कार्डाशी जोडलेला मोबाइल टेकविला, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी ठरतात आणि दोघांनाही अपूर्ण प्रवासाचे कमाल भाडे लागते. अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांना चौदा दिवसांपर्यंत मिळणारी सवलत ऑयस्टर कार्डावरच नोंदविता येते. बँकेच्या कार्डावर त्यांना प्रौढांचेच भाडे पडते. अशा वेळी ऑयस्टरची किंमत मोजणे परवडते.

आपल्याकडील नाणे, आपल्याकडील फाटक

या सर्व प्रकाराकडे परदेशातील गंमत म्हणून पाहण्याचे कारण नाही. आपला कायदा ब्रिटनपेक्षा सुस्पष्ट आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ नुसार बँकेची नोट भारतात सर्वत्र विधिग्राह्य आहे आणि २०११ च्या नाणे कायद्याने रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंत विधिग्राह्य ठरविली आहेत. असे असूनही दहा रुपयांचे नाणे देशाच्या अनेक भागांत दुकानदार, रिक्षाचालक नाकारीत राहिले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला चौदा प्रकारची दहा रुपयांची नाणी वैध असल्याचा खुलासा करावा लागला. स्कॉटिश नोटेला कायद्याचा आधार नाही, पण ती चालते. आपल्या नाण्याला कायद्याचा पूर्ण आधार आहे, पण ते अडते.

याच्या उलट प्रकारही आपण पाहिला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री पाचशे व हजाराच्या नोटांचा विधिग्राह्य दर्जा गेला, तेव्हा रेल्वेच्या तिकीट खिडक्या आणि सरकारी बस येथे त्या स्वीकारण्याची मुभा आधी ७२ तासांसाठी देण्यात आली. नंतर ती मुदत वाढत गेली. पाचशेची नोट डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तेथे चालली. ज्या नोटेवर किराणा मिळत नव्हता, त्या नोटेवर एसटीचे तिकीट मिळत होते. सार्वजनिक वाहतूक थांबली तर माणसाचे रोजचे जगणेच थांबते, हे सरकारने त्या वेळी ओळखले होते. लंडनमधील निर्णयात नेमके हेच भान कमी पडले, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

कार्डाच्या बाबतीत मात्र आपण लंडनच्या नेमके विरुद्ध टोकाला आहोत. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचा प्रारंभ मार्च २०१९ मध्ये झाला आणि मेट्रो व बसची स्वयंचलित फाटके या कार्डासाठी सज्ज होऊ लागली. हे कार्ड रुपेवर आधारलेले आहे. प्रवासाची शिल्लक चिपमध्येच साठविलेली असल्याने बँकेला विचारण्याचा प्रश्न येथेही टळतो. तंत्र म्हणून ते लंडनपेक्षा उणे नाही. परंतु परदेशी बँकेचे व्हिसा अथवा मास्टरकार्ड थेट फाटकावर टेकवून आत जाण्याची लंडनसारखी सोय मुंबई-पुण्याच्या मेट्रोत नाही. परदेशी पाहुण्यांना यूपीआयने पैसे देता यावेत म्हणून ‘यूपीआय वन वर्ल्ड’ ही प्रीपेड सोय २०२३ मधील जी-२० परिषदेच्या निमित्ताने सुरू झाली. तीसाठी पारपत्र व व्हिसाची तपासणी करून खाते उघडावे लागते. मेट्रोच्या दोन स्थानकांपुरता प्रवास करणारा एवढी खटपट करण्याची शक्यता कमीच. एडिंबरोहून पुण्यास आलेल्या पाहुण्याच्या खिशात तिथल्या बँकेचे उत्तम चालणारे कार्ड असले, तरी स्वारगेटच्या फाटकावर ते कामाचे नाही. त्याला तिकीट खिडकीच्या रांगेत उभे राहून रोख रुपये मोजावे लागतात. आपल्याकडे ती खिडकी अजून उघडी आहे आणि खिडकीतला माणूस नोट घेतो.